डांबर लागल्यावर

मलेशियाच्या जंगलात १९९७ साली ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही स्पर्धा सुरू झाली. तिची भारतीय आवृत्ती २०१४ मध्ये गोव्यात आली ती भर पावसाळ्यात. लाल मातीचा रबडा झालेला असतो, ओढे दुथडी भरलेले असतात आणि त्यात चारचाकी गाड्या बॉनेटपर्यंत बुडवून पलीकडे काढायच्या असतात. गाडी एका कुशीवर कलते, विंचचा दोर झाडाला बांधून ती इंचाइंचाने ओढली जाते. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. पण या सगळ्यात वेगाचा काटा जागचा जेमतेम हलतो. ताशी पाच-सहा किलोमीटर, म्हणजे माणसाची झपझप चाल. डोक्यावर हेल्मेट असतं, समोर उभा राहून ‘थोडं डावीकडे, थोडं मागे’ सांगणारा स्पॉटर असतो आणि पाच माणसं मदतीला तयार असतात.

स्पर्धक आपल्या गाड्या पुष्कळदा ट्रकवर लादून नेतात. हौशी मंडळींचं तसं नसतं. पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-बेळगावहून थार, जिम्नी, गुरखा किंवा जपून ठेवलेली जुनी जिप्सी घेऊन चार मित्र निघतात, दोन दिवस कुठल्याशा ओढ्यात आणि डोंगरात गाडी घालतात आणि रविवारी दुपारी त्याच गाडीने घरी यायला निघतात. गोव्याहून पुण्याला यायचं तर सावंतवाडी, आंबोली घाट, आजरा आणि मग पुणे-बंगळुरू महामार्ग क्रमांक ४८, असा सुमारे साडेचारशे किलोमीटरचा पल्ला. या छंदातला खरा धोका बहुतेकदा त्या ओढ्यात नसतो, या पल्ल्यात असतो. कारण चिखलात गाडी चालावी म्हणून केलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट डांबरावर उलटी पडते.

सुरुवात टायरपासून. चिखलात उतरण्याआधी टायरमधली हवा काढतात. तीस-बत्तीस पीएसआयची हवा अठरा-वीसवर आणली की टायर बसका होतो, जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि पकड वाढते. टोकदार दगड आला तर टायर फाटण्याऐवजी दबून त्याला सामावून घेतो. वाळूत याहूनही खाली जातात. ही युक्ती जुनी आहे आणि उत्तम आहे, मात्र वेग कमी असेतोवरच.

महामार्गावर ताशी शंभरच्या वेगाने चाक सेकंदाला साधारण बारा फेऱ्या मारतं. म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला बारा वेळा दबतो आणि बारा वेळा पुन्हा फुगतो. रबर दबताना जी ऊर्जा घेतं ती सगळी परत देत नाही, उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. हवा जितकी कमी, तितकं टायरचं दबणं जास्त आणि तितकी उष्णता जास्त. ही उष्णता टायरच्या बाजूच्या भिंतींत आणि आतल्या पोलादी पट्ट्यांच्या कडांशी साठत जाते. तिथली रबराची चिकटण हळूहळू सुटते. चालकाला यातलं काही कळत नाही, गाडी थोडी जड चालते एवढंच. मग कधीतरी टायर फुटतो किंवा त्याचा वरचा थर सालासारखा निघून येतो.

याचं सगळ्यात महागडं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फोर्ड कंपनीच्या ‘एक्सप्लोरर’ या उंच एसयूव्हीला फायरस्टोनचे टायर बसवलेले असायचे. फोर्डने त्यांत २६ पीएसआय हवा ठेवायला सांगितलं होतं, टायरवाल्यांच्या मते ३० हवी होती. दोष टायरच्या बांधणीतही होता. पण कमी हवा, उन्हाळा, भरलेली गाडी आणि मोकळा हायवे एकत्र आले की टायरचा थर सुटायचा आणि उंच गाडी कोलांटी खायची. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. अमेरिकी वाहतूक सुरक्षा यंत्रणेने या प्रकरणाशी जोडलेल्या मृत्यूंचा आकडा २७१ नोंदवला. त्यातून आलेल्या कायद्यामुळे टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लावणारी यंत्रणा तिथल्या नव्या गाड्यांना २००७ पासून सक्तीची झाली. आज आपल्याकडच्या अनेक गाड्यांत तो पिवळा दिवा दिसतो, त्यामागे ही सगळी हकिगत आहे.

फोर्डचा वाद चार पीएसआयचा होता. चिखलातून निघालेली गाडी बारा-चौदा पीएसआय कमी हवेवर असते. म्हणूनच अनुभवी गटांचा नियम असतो की डांबर लागलं तिथेच थांबायचं आणि बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या कंप्रेसरने चारही टायर भरायचे. एका गाडीला वीसेक मिनिटं लागतात आणि कंप्रेसर तापला तर जास्त. नवशिक्यांचा गट मात्र ‘पुढच्या पंपावर भरू’ म्हणून निघतो. पुढचा पंप तीस किलोमीटरवर असतो, तिथलं हवेचं मशीन बंद असतं किंवा हवावाला जेवायला गेलेला असतो, आणि मग कोल्हापूर येतं. टायर तापलेले असताना काटा तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो, हाही एक चकवा आहे. ते बघून कुणी हवा सोडू नये. गाडीच्या दरवाज्याच्या चौकटीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो.

खोल नक्षीचे एमटी, म्हणजे मड-टेरेन, टायर असतील तर आणखी दोन गोष्टी येतात. ओल्या डांबरावर त्यांचे मोठे ठोकळे साध्या टायरइतके टेकत नाहीत, त्यामुळे ब्रेकचं अंतर वाढतं. आणि हौसेने मूळ मापापेक्षा मोठे टायर घातले असतील तर स्पीडोमीटर खोटं बोलतो. टायरचा व्यास दहा टक्के मोठा असेल तर काटा शंभर दाखवत असताना गाडी एकशेदहाने धावत असते. कॅमेऱ्याने काढलेलं चलन घरी आल्यावर अनेकांना याचा उलगडा होतो.

टायरनंतर गिअरजवळचा तो दुसरा दांडा. थार, जिम्नी, जिप्सी, गुरखा या गाड्यांत चारही चाकांना ताकद देणारी व्यवस्था हवी तेव्हा जोडायची असते. ती जोडली की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकाच गतीने फिरायला बांधले जातात. वळणावर मात्र पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात आणि मागची छोट्या. हा फरक चिखलात चाकं घसरून मिटवून टाकतात. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, म्हणून सगळा पीळ गाडीच्या शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये भरतो. स्टेअरिंग जड होतं, वळताना टायर चिरकतात आणि दांडा ‘टू-एच’मध्ये, म्हणजे पुन्हा दोन चाकांवर, येत नाही. अशा वेळी तो जोर लावून ओढायचा नाही. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की पीळ सुटतो आणि दांडा आपसूक येतो.

आता चिखल. घरी जाऊनच गाडी धुवायची, चिखलाने माखलेली गाडी सोसायटीच्या गेटातून आत न्यायची, यात एक शान असते आणि ती समजण्यासारखी आहे. पण रिमच्या आतल्या बाजूला साचून वाळलेला गोळा ही शान नव्हे. समजा एका चाकात आसापासून वीस सेंटीमीटरवर फक्त शंभर ग्रॅम माती चिकटली आहे. ताशी शंभरच्या वेगाला तेवढीशी माती चाकाला अकरा किलोपेक्षा जास्त जोराने बाहेर ओढते, आणि ही ओढ सेकंदाला बारा वेळा वर, पुढे, खाली, मागे फिरत राहते. वेग निम्मा केला तर जोर पाव होतो. म्हणूनच आजऱ्यापर्यंत गुण्यागोविंदाने आलेली गाडी हायवेला ऐंशी-नव्वद गाठताच स्टेअरिंगला हादरे देऊ लागते. मंडळींना वाटतं, दगडावर आपटून काहीतरी वाकलं. निम्म्याहून अधिक वेळा वॉशिंग सेंटरवर रिमच्या आतून पाण्याचा जोरदार फवारा मारला की आजार बरा होतो. तरीही थरथर राहिली तर मात्र गाडी गॅरेजमध्ये दाखवावी, कारण टाय-रॉड वाकल्याची लक्षणंही अशीच असतात.

धुताना हेडलाइट, मागचे लाल दिवे आणि नंबरप्लेट यांवरूनही हात फिरवावा. मातीने झाकलेला मागचा दिवा रात्री मागून येणाऱ्या ट्रकला दिसत नाही. टपावरच्या एलईडी पट्ट्या मात्र बंदच राहू द्याव्यात. जंगलात त्या लागतात, हायवेवर त्या समोरच्याला आंधळं करतात.

ब्रेकचीही तीच तऱ्हा. ओढ्यातून आलेल्या गाडीच्या ब्रेकमध्ये पाणी आणि बारीक गाळ असतो, मागच्या ड्रममध्ये तर तो अडकूनच बसतो. रस्ता रिकामा बघून मंद वेगात दोन-चार वेळा ब्रेक हलका दाबून धरला की पॅड वाळतात. पाण्यापेक्षाही खोल भानगड ब्रेक ऑइलची आहे. हा द्रव हवेतली ओल शोषतो. डॉट-४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शिरलेलं १५५ अंशांच्या आसपास उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि ब्रेकचा पाय थेट खाली जातो.

एवढी उष्णता येते कुठून? माणसं आणि सामानासह दोन टनांची गाडी शंभर मीटर उंची उतरते तेव्हा तिच्यातली जी ऊर्जा ब्रेकने रिचवायची असते, तेवढ्यात साधं सहा लिटर पाणी उकळायला लागेल. पुण्याकडे येताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार याच कारणाने बदनाम आहे. दिसायला तो घाट वाटत नाही. रुंद, सरळ, हवाहवासा रस्ता, पण सलग उतार. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथे एका मालवाहू वाहनाने डझनावारी गाड्यांना उडवलं. चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. न्यूट्रलवर सोडलेल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर पडतो, खालच्या गिअरमधलं इंजिन मात्र त्यातला बराच वाटा स्वतःकडे घेतं. डोंगर उतरताना ‘फोर-एल’, म्हणजे चारही चाकांचा सावकाश गिअर, लावून ब्रेकला पाय न लावण्याची शिस्त पाळणारा गडी घरापासून दहा किलोमीटरवर हे विसरतो, हे नवल आहे खरं.

गाडी किती सहज उलटेल याचंही एक गणित आहे. दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागलं की जो आकडा येतो, तो अमेरिकी वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या मोजणीत साध्या मोटारींसाठी बहुधा १.३ ते १.५ भरतो, एसयूव्ही आणि पिकअपसाठी १ ते १.३. आकडा लहान तितकी गाडी उलटायला सोपी. आता तिला उंच सस्पेन्शन लावा, टपावर कॅरिअर, त्यावर जादा स्टेपनी, तंबू आणि डिझेलचा कॅन ठेवा. ओढ्यात हे सगळं चालून जातं. ताशी शंभरने जाताना समोर अचानक म्हैस आली आणि स्टेअरिंग झटक्यात फिरवलं, की नाही चालत. जड सामान खाली, सीटच्या पाठीला टेकवून आणि बांधून ठेवायला हवं. फार्म जॅक नावाचा तो लांबलचक जॅक बारा-तेरा किलोचा असतो. अपघातात गाडी थांबते, जॅक थांबत नाही.

मागे बसलेले मित्रही थांबत नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले गृहस्थ दगावले, पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर चार महिने मागच्या पट्ट्याची खूप चर्चा झाली.

इथवरच्या साऱ्या गोष्टी पान्याने, पाण्याने आणि दोराने दुरुस्त होतात. चालकाचं तसं नाही.

रविवारचा दिवस बघा. तंबूत पहाटे पाचला जाग, दुपारपर्यंत चिखलाशी झटापट, तीनला गोवा सोडलं. आंबोली चढून आजऱ्यामार्गे कोल्हापूर येईतो रात्रीचे आठ. तिथे आल्यावर तांबडा-पांढरा नको म्हणणारा मित्र अजून जन्मायचा आहे. जेवून नऊला निघाले तर दहाच्या सुमारास गाडी कराडला असते आणि चालकाला उठून सतरा तास झालेले असतात. सतरा हा आकडा मुद्दाम सांगायचा. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलेल्या प्रयोगात असं दिसलं, की सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाचा हात आणि डोळा शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो. भारतातली कायदेशीर मर्यादा तीस मिलिग्रॅम आहे. म्हणजे थेंबही न प्यालेला हा गडी सातारा येण्याआधीच कायद्याच्या मापाने ‘प्यालेल्या’ माणसासारखा चालवत असतो, आणि पुणे अजून दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे.

शनिवारी रात्री खरोखर प्यालेल्यांचं गणित वेगळं. शरीर तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम या चालीने अल्कोहोल उतरवतं. रात्री एकला रक्तात एकशेवीस असेल तर सकाळी सहाला पंचेचाळीस उरतं. लिंबूपाणी, आंघोळ आणि पोहे यांनी माणूस ताजातवाना दिसतो, आकडा मात्र हलत नाही.

गाडी स्वतःही चालकाला जोजवत असते. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये पंधरा जणांना कृत्रिम गाडीत बसवून सेकंदाला चार ते सात कंपनं दिली. गाडीत बसलेल्या माणसाला जाणवणारी ही नेहमीचीच थरथर. पंधरा मिनिटांत पेंग जाणवू लागली आणि अर्ध्या तासात सावध राहायला त्यांना लक्षणीय धडपड करावी लागली. त्यात रात्री दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीराचं घड्याळच झोपेकडे झुकतं. मग येते ती डुलकी, तीन-चार सेकंदांची, पुष्कळदा उघड्या डोळ्यांनी. ताशी शंभरला चार सेकंदांत गाडी एकशेदहा मीटर गेलेली असते. साखर हंगामात कोल्हापूर-सातारा पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मागचा दिवा नसताना चालत असतात. त्यात सातारा-कागल टप्प्यातल्या रुंदीकरणामुळे रस्ता मध्येच कडेला वळवलेला असतो.

यावर घरगुती उपाय सगळ्यांना पाठ आहेत. काच खाली करा, गाणी मोठ्याने लावा, चेहऱ्यावर पाणी मारा. इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी नव्वदच्या दशकात झोपाळू चालकांवर नेमकं हेच तपासलं. गार वारा आणि रेडिओ यांचा परिणाम किरकोळ निघाला आणि तोही थोडाच वेळ टिकला. उपयोगी ठरली ती कॉफी आणि डुलकी यांची जोडी. दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम कॅफिन पोटात जाईल एवढी कॉफी पटकन प्यायची आणि लगेच गाडी सुरक्षित जागी लावून पंधरा मिनिटं डोळे मिटायचे. कॅफिन भिनायला वीस-तीस मिनिटं लागतात, त्यामुळे जाग येते तेव्हाच त्याचा जोर सुरू होतो. क्रम उलटा केला तर निम्मा फायदा जातो. आपल्या कटिंग चहात कॅफिन त्या मानाने फारच कमी, तेव्हा ढाब्यावरचा चहा गप्पांसाठी ठीक आहे, औषध म्हणून नाही. आणि हा उपायही तास-दोन तासांची उसनवारी आहे. साताऱ्यात मुक्काम करणं कुणाला सुचत नाही, कारण सोमवारी ऑफिस असतं.

मित्रांचा उपयोग इथे होतो. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात २००८ साली फ्रँक ड्र्यूज, मोनिषा पसुपती आणि डेव्हिड स्ट्रेअर यांनी मित्रांच्या जोड्या बोलावल्या. एकाने कृत्रिम हायवेवर गाडी चालवायची आणि ठरलेल्या विश्रांतीथांब्यावर बाहेर पडायचं. दुसऱ्याने त्याच्याशी बोलत राहायचं, काही जोड्यांत शेजारी बसून आणि काहींत फोनवरून. विषयही दिला होता, आपण मरता मरता कसे वाचलो त्याचा किस्सा. फोनवर बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांचा थांबा हुकला. शेजारी मित्र असलेल्यांपैकी बहुतेक सगळे बरोबर पोचले. कारण साधं होतं. शेजारचा माणूस रस्ता बघत असतो, गर्दी दिसली की किस्सा अर्ध्यावर तोडतो आणि ‘अरे, पुढचं वळण’ म्हणतो. फोनवरच्या माणसाला काही दिसत नाही, तो बोलतच राहतो.

दिवसभर चिखलात स्पॉटर असलेला मित्र रात्री पुढच्या सीटवर मान टाकून घोरत असेल, तर गाडीत स्पॉटर नाही असंच धरावं. काही गट म्हणून पुढच्या सीटची पाळी लावतात, तासाभराने बदल, आणि झोपायचं असेल त्याने मागे जायचं. चार-पाच गाड्यांनी एकमेकांच्या शेपटीला धरून जाण्याची हौसही हेच गट सोडायला लावतात. तवंदी घाटात पुढची गाडी नजरेआड झाली की मागची तिला गाठायला ट्रकच्या डावीकडून घुसते. त्यापेक्षा कागल, कराड, खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर, अशा भेटीच्या जागा आधी ठरवलेल्या बऱ्या, म्हणजे मधल्या अंतरात प्रत्येकाने आपल्या चालीने यावं.

या सगळ्यानंतरही एक टप्पा उरतो आणि त्याची दखल फारशी कुणी घेत नाही. पुण्यात शिरल्यावर एक मित्र कात्रजला उतरतो, दुसरा वारज्याला, तिसरा बाणेरला. गाडी ज्याची तो राहतो मोशीला. रात्रीच्या दीड वाजता, वीस तासांच्या जागरणानंतर, रिकाम्या गाडीत आणि रिकाम्या रस्त्यावर शेवटचे वीस किलोमीटर तो एकटा चालवतो. काही गट आता उतरण्याचा क्रम बदलतात. गाडी आधी चालकाच्या घरी जाते आणि बाकीचे तिथून रिक्षा किंवा कॅब करतात. भाडं चौघांत वाटून घेतात, टोल आणि डिझेलच्या हिशेबातच.